घबराटीचा मान

तुडूम उघडायला आता काहीच आड येत नव्हतं. पितृपक्ष संपला होता, अमावास्या गेली होती, शनिवारही होऊन गेला होता. तरीही देवचंद डोंगरवार ओसरीवर बसून दात कोरत होते, आणि आपला नवरा आणखी एक अडचण शोधतोय हे यशोदाबाईंना त्या कोरण्यावरूनच कळत होतं.

"आज वारा आहे," शेवटी ते म्हणाले.

अंगणातल्या चिंचेचं पान हललं नव्हतं.

पळसटोल्याचा तलाव डोंगरवारांच्या खापरपणज्याने बांधला. पाळीखाली, पाण्याच्या पोटात दगडी मोरीचं तोंड आहे आणि त्यात सागवानी बूच ठोकलेलं असतं. तेच तुडूम. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाला शेवटचं पाणी द्यायची वेळ आली की या घरच्या कर्त्याने बुडी मारून ते बूच उपसायचं, मग पाणी कालव्याने साऱ्या गावच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत जायचं. सरकारने दोनदा लोखंडी फाटक बसवून देतो म्हटलं. दोनदा देवचंदांनी नको म्हटलं, कारण फाटकाला चाक असतं आणि चाक कोणीही फिरवू शकतं.

शेवटच्या पाण्याला सगळ्या घराने जमायचं अशी रीत होती. मागच्या वर्षी ती कोरोनाने मोडली. यंदा, एकवीस सालच्या ऑक्टोबरात, घर पुन्हा जमलं होतं. म्हणजे एका अंगणात होतं. यशोदाबाईंचे धाकटे दीर टेकचंद गुरुजी गोरेगावहून स्वतःची खुर्ची गाडीत घालून आले होते आणि ती चिंचेखाली, माणसांपासून लांब मांडून बसले होते. तोंडावर दोन मास्क, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची ढाल. चहा प्यायचा तर ते आधी ढाल वर करत, मग मास्क खाली करत, मग घोट घेत आणि पुन्हा सगळं उलट्या क्रमाने. तेवढ्यात चहा थंड होई. थंड चहाने घसा धरतो याची त्यांना वेगळी भीती होती.

"दादा," टेकचंद ढालीआडून म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक असल्याने ते घरातही प्रार्थनेनंतरच्या सूचना द्याव्यात तसे बोलत. "आपण लस घेतलेली नाही. अशा परिस्थितीत आपण पाण्यात उतरणं आणि तेच पाणी सर्वांच्या शेतात जाणं, हे वैज्ञानिकदृष्ट्या योग्य होईल का?"

"काकाजी, पापाची इम्युनिटी बघा न," उमेंद्र म्हणाला. हा देवचंदांचा मुलगा. गोंदियात मोबाइलचं दुकान, संध्याकाळी जिम. शनिवारी गावी आला की बाह्या वर करूनच हिंडायचा. "ये सब बड़े लोगों की बीमारी है. चिखलात राबणाऱ्याले काही होत नाही."

माणसाचं मत डोक्यातून निघतं असं टेकचंद गुरुजींनी पस्तीस वर्षं शिकवलं. त्यांच्या स्वतःच्या घरात ते साखरेतून निघत होतं. मधुमेह असल्यामुळे त्यांचा प्रत्येक सरकारी सूचनेवर विश्वास होता. उमेंद्रचं मत दंडातून निघे. आणि देवचंदांचं? अडुसष्ट वर्षांत त्यांनी दवाखान्याची पायरी फक्त दुसऱ्यांना पोहोचवायला चढली होती. एप्रिलपासून ते एकच वाक्य म्हणत: "कोरोना गिरोना काही नाही. दवाखान्यातच मारते." सारा गाव ते वाक्य झेलत होता. ज्याचा दंड उमेंद्रच्या मांडीएवढा, तो चूक कसा असेल?

यशोदाबाईंना मत विचारायची पद्धत नव्हती. त्यांना घबराट होती.

हे घबराटीचं प्रकरण जुनं. उमेंद्र शाळेत होता तेव्हापासून त्यांना अधूनमधून एकाएकी धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे, आता सगळं संपलं असं वाटायचं. देवचंद त्याला "बायकांचे चोचले" म्हणत. शेवटी गोंदियाच्या मनाच्या डॉक्टरांनी एक लहानशी गोळी दिली. ती हळदीच्या डब्यामागे राहायची आणि पाहुण्यांसमोर तिचं नाव "गॅसची गोळी" असायचं. डोंगरवारांच्या घरात वेड चालणार नव्हतं, गॅस चालत होता.

गंमत अशी झाली की साथ आली आणि घरातली एकटी यशोदाबाई निवांत झाली. टीव्हीवर माणसं मरत होती, लोक साबणाने पालक धूत होते, रस्ता ओस होता. आणि या बाई ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण त्यांना थोडं बरंच वाटत होतं. इतकी वर्षं त्या ज्या गावात एकट्याच राहत होत्या, त्या गावात आता सगळं जग राहायला आलं होतं. आणि त्यांना तिथले रस्ते माहीत होते. मास्क लावा म्हटलं, लावला. लस आली, घेतली. भीतीपासून न पळता तिच्याशेजारी बसून काम कसं करायचं, याचा त्यांचा सराव झालेला होता. तोच बाकीच्यांपैकी कोणाचाच नव्हता.

सून निशा पुन्हा शाळेकडे निघाली होती. ती गावच्या उपकेंद्रात नर्स. शाळेत तिने लसीचं शिबिर मांडलं होतं आणि सकाळपासून तिथे मास्तर आणि एक कुत्रं एवढेच येऊन गेले होते.

"मामाजी," ती सासऱ्यांसमोर उभी राहिली, "लोक मले काय म्हणते माहीत आहे? 'देवचंदबापू घेतील तेव्हा घेऊ.' बापूची ताकद गेली तर तलाव कोण उघडेल म्हणते."

"बरोबर म्हणते," देवचंद म्हणाले.

"आणि तुमी घेतली नाही, तरी बी तलाव कोण उघडून राहिलं?" यशोदाबाई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

बाईंनी एवढं मोठं वाक्य चारचौघांत बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"धान निसवायला आलं," त्या पुढे म्हणाल्या, हातातली फुंकणी खाली न ठेवता. "बांध्यांत बोट जाईल अशा भेगा आहे. चार-पाच दिवसांत पाणी नाही पोचलं तर लोंब्या फोल जातील. वारा नाही जी बाहेर. बघून या."

देवचंद उठले. बायकोने वारा नाही म्हटल्यावर तो आहे म्हणून बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं.

*

पाळीवर अर्धा गाव होता. पोरं कठड्यावर रांगेने उभी होती. देवचंदबापूंनी बुडी मारली की त्यांच्यासोबत श्वास धरायचा, हा पोरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ. बापूंआधी कोणाचा सुटला ते बघून वर्षभर चिडवायचं.

देवचंदांनी अंगाला तेल चोपडलं, लंगोट आवळला. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेले, मग कमरेइतक्या, मग छातीइतक्या. उमेंद्र मोबाइल धरून ओरडला, "पापा, इधर देखो! एक बार हात वर करा!"

हात वर झाला नाही.

यशोदाबाई वरच्या पायरीवर होत्या. त्यांना नवऱ्याची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवर काहीतरी त्यांच्या ओळखीचं होतं. खांदे कानांकडे चढत होते. देवचंद वळले. चेहरा राखेसारखा झाला होता. ते कसेबसे पायरीपर्यंत आले, बसले आणि छातीवर पंजा दाबून म्हणाले, "गेलो मी."

"अटॅक!" उमेंद्र ओरडला. "पापाले अटॅक आला!" मोबाइल अजून चालू होता, त्यामुळे हे वाक्य कायमचं जतन झालं.

"कोरोना आहे! सर्वांनी अंतर ठेवा!" टेकचंद गुरुजींनी सूचना दिली आणि स्वतः अंतर ठेवायला सुरुवात केली. ते अंतर पाळीवरून थेट गाडीपर्यंत वाढत गेलं. गावाने पाहिलं की शिकलेला माणूस पळतोय. मग न शिकलेल्यांनी थांबण्यात अर्थ नव्हता. पोरांनी कधीचा धरून ठेवलेला श्वास सोडला आणि तीही पळाली.

यशोदाबाई खाली उतरल्या. लुगडं भिजलं. त्या नवऱ्याशेजारच्या पायरीवर बसल्या, जशा त्या ओसरीवर बसत.

त्यांनी आधी ओठ पाहिले. निळे नव्हते. मग छाती पाहिली. देवचंद श्वास घेत होते, त्यावर आणखी घेत होते, त्यावर आणखी. भरल्या घागरीत पाणी ओतावं तसं.

"बोटाले मुंग्या आल्या?"

"हो."

"तोंड कोरडं?"

"हो."

"वाटते का आता मरतो?"

देवचंदांनी तिच्याकडे बघितलं. संसारात त्यांनी बायकोकडे बरेचदा पाहिलं होतं. पण बुडणारा काठाकडे बघतो तसं पहिल्यांदाच. "तुले कसं माहीत?"

"मी रोजच मरत होतो जी. बसा सरळ. निशाले बोलावणं गेलं आहे, ती येईपर्यंत माह्या हाताखाली राहा. आता श्वास घेऊ नका, सोडा. फुंकणीनं निखाऱ्यावर फुंकतात तसा. लांब. जोरात नाही, राख उडेल. हं. अजून."

त्या स्वतः फुंकू लागल्या. देवचंद ज्या माणसाचं कधीच ऐकत नव्हते त्या माणसाच्या मागे मागे फुंकू लागले.

"आता सांगा, समोर काय दिसते?"

"पाणी."

"दुसरं?"

"बगळा."

"अजून बघा. दूर बघा."

देवचंदांनी मान वळवून पाळीपलीकडे पाहिलं. "टेकचंद पळून राहिला," ते म्हणाले.

टेकचंद खरोखरच पळत होते. ढाल पळण्याच्या वाऱ्याने वर उडाली होती आणि ते ती एका हाताने टोपीसारखी धरून होते. देवचंदांच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. यशोदाबाईंना आधी वाटलं पुन्हा आलं. मग कळलं, नवरा हसतोय.

निशा स्कूटीवरून धापा टाकत आली. तिने बोटाला यंत्र लावलं, बी.पी. घेतलं, यंत्र दुसऱ्या बोटाला लावून पुन्हा पाहिलं. "ऑक्सिजन एकदम बरोबर आहे," ती म्हणाली. "पण छातीवर हात ठेवलेल्या माणसाले मी अंदाजानं घरी पाठवत नाही. सडक अर्जुनीले नेऊन ईसीजी काढायचा. उमेंद्र, मोबाइल खिशात घाला आणि गाडी काढा."

*

ईसीजी सरळ निघाला. रक्तही तपासलं. तालुक्याच्या डॉक्टरने कागद बघत म्हटलं, "बापू, तुमचं हृदय तुमच्या बैलापेक्षा चांगलं आहे. झोप येते का?"

देवचंद भिंतीकडे बघू लागले.

"नाही येत," यशोदाबाई म्हणाल्या. "एप्रिलपासून."

परतीच्या वाटेवर हायवेच्या ढाब्यावर गाडी थांबली. उमेंद्र टायरमध्ये हवा भरायला गेला. ट्रक रायपूरकडे आणि नागपूरकडे जात होते, आणि दोघं नवरा-बायको बाजेवर चहाचे ग्लास धरून बसली होती. लग्नानंतर अशी दोघंच बाहेर चहा पिण्याची ही त्यांची पहिली वेळ. निमित्त ईसीजीचं होतं, पण यशोदाबाईंची तक्रार नव्हती.

"एप्रिलात तुमाले झाला होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जो नाही म्हणता, तो."

देवचंदांनी एक अख्खा ट्रक जाऊ दिला. "कोण सांगितलं?"

"मोहानं. तुमी तिकडे तलावावरच्या झोपडीत मोहफुलं राखतो म्हणून जाऊन राहिले. कोणाले येऊ दिलं नाही, मी ठेवलेला डबा दुरून उचलत होते. आणि मोह एक टोपली बी घरी नाही आला. झाडाखाली सडून गेला. मी पाहून आली होती."

"तरी बोलली नाही?"

"तुमी रोज पाळीवर उभं राहून हात हलवत होते. हात हलते तोवर जित्ता आहे समजत होतो. एक दिवस नसता हलला तर मी सारा गाव घेऊन आली असती. मग तुमी म्हणले असते, बाईची घबराट."

देवचंद चहाकडे बघत होते. गावातला त्यांचा जुना जोडीदार छोटेलाल त्याच एप्रिलात कोरोनाने गेला. दोघं एकाच आखाड्यातले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला छोटेलाल गाडीतून उतरवला तेव्हा देवचंद बांधावर उभं राहून दुरून बघत होते, अंगात ताप घेऊन.

"छोटेलाल माह्यापेक्षा तगडा होता," ते हळू म्हणाले. "त्याले ज्यानं नेलं ते माह्या उशाशी बसलं होतं. अजून बसते. पाण्यात उतरलो का वाटते, आता वर नाही येत."

"मग कोरोना खोटा काऊन म्हणता?"

"खरा म्हटला तर येते न तो परत."

यशोदाबाईंनी मान हलवली. इतक्या दिवसांत कोरोनाबद्दल ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं. टीव्हीवर रोज चार-चार तज्ज्ञ बसत, पण हे कोणी सांगितलं नव्हतं.

"तुले मी इतके वर्षं चोचले म्हणलो," देवचंद म्हणाले.

"म्हणलेच. चहा प्या. थंडा होऊन राहिला."

*

दिवेलागणीला अंगणात सभा भरली. टेकचंद परत आले होते. सकाळच्या पळण्याचं त्यांनी "वैद्यकीय मदत आणण्यासाठीची हालचाल" असं नामकरण केलं होतं. खुर्ची सकाळपेक्षा दोन हात मागे होती. त्यांची बायको दुर्गेश्वरी ओसरीच्या कडेला, यशोदाबाईंजवळ बसली होती.

"दादांची प्रकृती पाहता," टेकचंदांनी सुरुवात केली, "तुडुमाचा मान आता धाकट्या पातीकडे यावा. मला साखर आहे, म्हणून प्रत्यक्ष बुडी उमेंद्र मारेल. दुपारी आमचं बोलणं झालं आहे. पुढच्या वर्षी लोखंडी फाटक बसवून घेऊ."

"म्हणजे मान तुमचा आणि बुडी त्याची," निशा म्हणाली. "उमेंद्र, तुमाले पोहता येते का?"

उमेंद्रने बाह्या खाली केल्या. त्याला पोहता येत नव्हतं. इतकी वर्षं ही गोष्ट त्याच्या दंडांनी झाकली होती.

"यूट्यूबवर बघून घेतो न," तो म्हणाला.

"राहू द्या हे," दुर्गेश्वरी थोरल्या दिराकडे बघत मध्ये पडली. "गावात आधी काय सांगायचं ते ठरवा. लोक दारात येऊन राहिले. भासरेजींना गॅस झाला, असंच सांगू. आपल्या घरचं ठरलेलंच आहे."

सगळ्यांनी माना डोलवल्या. गॅस शोभणारा होता. गॅसने कोणाचं लग्न मोडत नाही.

"गॅस नाही," देवचंद म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. "मले घबराट आहे. हिले आहे तीच. आणि एप्रिलात कोरोना बी झाला होता. दोन्ही खरे आहे. गावाले हेच सांगा."

टेकचंदांच्या ढालीवर डास आपटल्याचा आवाज आला. यशोदाबाईंनी पदर सावरला. वीस वर्षं जी गोष्ट हळदीच्या डब्यामागे राहिली, ती अंगणाच्या मधोमध उभी होती, आणि घर पडलं नव्हतं.

"पण दादा," टेकचंद म्हणाले, "आपल्या घराण्यात असला मानसिक…"

"रात्री उठून नळ धुता ते सांगा न," दुर्गेश्वरी एकदम म्हणाली.

"दुर्गा!"

"नळ धुते, मग हात धुते, मग पुन्हा नळाले हात लागला म्हणून नळ धुते. बाई, यांच्या हाताची सालटी निघाली जी. मास्क हातमोजे सगळं करते ते ठीक आहे, साखर आहे, केलंच पाहिजे. पण मी दूध पिशवीतून काढलं तर रडते हो हे. मुख्याध्यापक माणूस."

टेकचंदांनी ढाल वर केली, दोन्ही मास्क उतरवले. खाली एक थकलेलं, दाढी वाढलेलं तोंड होतं. ते कोणीच बरेच महिने पाहिलेलं नव्हतं. त्यांनी वहिनीकडे पाहिलं, आणि पस्तीस वर्षांची शुद्ध भाषा अंगणात गळून पडली.

"वहिनी, याची बी गोळी असते का वो?"

"असते, भाऊजी."

"मग मले द्या न एक. आजच."

"माह्या डब्यातली नाही मिळणार. ती माही आहे. डॉक्टर मंगळवारी बसते, मी संगं येतो. आधी तो तुमचं सगळं ऐकून घेते, घाई नाही करत. तुमी बोलणारे माणूस, तुमाले आवडेल."

"मम्मी," उमेंद्र हळूच म्हणाला, "मले बी कधी कधी जिममधून निघालो का धडधड…"

"ती तुमच्या पावडरची आहे," निशा म्हणाली. "तरी चला मंगळवारी. गाडी तशीही लागेलच."

त्या संध्याकाळी डोंगरवारांच्या घरात सत्ता बदलली. कोणी मत मांडलं नाही, कोणी हात वर केला नाही. फक्त सगळे एकामागून एक ओसरीच्या कडेला सरकले आणि यशोदाबाईंनी सांगितलं तसं ठरलं: उद्या सकाळी देवचंदांनी लस घ्यायची. ताप आला तर येऊ द्यायचा. ताप उतरला आणि निशाने हो म्हटलं की तुडूम. धान तेवढं थांबेल. त्यापुढे थांबणार नाही.

"आणि पाण्यात पुन्हा तसंच झालं तर?" देवचंदांनी विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं.

"होईल न," यशोदाबाई म्हणाल्या. "येईल, बसेल, जाईल. पाहुणा आहे. त्याच्यासाठी घर सोडून जात नाही कोणी."

*

शाळेत देवचंद लाकडी बाकावर बसले तेव्हा खिडक्यांना माणसं लटकलेली होती. निशाने बाही वर केली. तेवढ्यासाठी तिला बाहीशी झटावं लागलं, दंड मावत नव्हता.

"समोर काय दिसते?" यशोदाबाईंनी विचारलं.

"सुई."

"दुसरं सांगा."

"तू."

"मग माह्याकडे बघा."

सुई गेली. देवचंद उठले. खिडक्या रिकाम्या झाल्या आणि दारात रांग लागली. निशाला दुपारी तालुक्याहून आणखी डोस मागवावे लागले.

त्या संध्याकाळी ताप आलाच. देवचंद आत जाऊन निजणार होते, पण यशोदाबाईंनी त्यांना घोंगडं पांघरून ओसरीवर बसवलं. "लोकांले दिसू द्या," त्या म्हणाल्या. "ताप येते हे बी दिसू द्या आणि जाते हे बी." दुसऱ्या दिवशी येणारा-जाणारा फाटकाशी थांबून बघत होता. संध्याकाळी देवचंदांनी तीन भाकरी मागितल्या. ती बातमी गावभर पोहोचायला तिसरी भाकरी संपायची गरज पडली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निशाने पुन्हा सगळं तपासलं आणि मान डोलवली. पाळीवर या वेळी अर्धा नव्हे, सगळा गाव होता. पोरं कठड्यावर. टेकचंद सगळ्यात मागे, ढालीसकट. उमेंद्रचा मोबाइल निशाच्या पर्समध्ये.

देवचंद छातीइतक्या पाण्यात गेले आणि थांबले. खांदे कानांकडे चढू लागले. पाळीवर कोणी खोकललंही नाही. यशोदाबाई सगळ्यात खालच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी फक्त ओठांचा चंबू केला आणि फुंकलं, लांब, राख न उडवता. देवचंदांनी ते पाहिलं. त्यांनीही फुंकलं. एकदा, दोनदा. खांदे खाली आले.

मग माणूस पाण्याखाली गेला.

पोरांनी श्वास धरला. पोरांबरोबर बायकांनी धरला, गड्यांनी धरला, निशाने धरला. सारा पळसटोला गाल फुगवून उभा होता. त्या पाळीवर एकच बाई श्वास घेत होती, सोडत होती, घेत होती, सोडत होती. जिला सगळे घबराट म्हणून ओळखत.

पाण्यावर बुडबुडे आले. थांबले. कठड्यावरच्या पोरांचे श्वास एकेक करून सुटले. मागून गर्दी फाडत काहीतरी आलं आणि पायऱ्या धडाधड उतरलं.

तेवढ्यात पाळीच्या पलीकडे, कालव्याच्या तोंडातून एक मोठा ढेकर आल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ पाणी गर्जत निघालं. गढूळ, जाड, फेसाळ. कोरड्या कालव्यातली पानं, काटक्या, बेडूक सगळं पुढे लोटत ते बांध्यांकडे धावलं. पाळीवर असा ओरडा उठला की बगळे एकदम उडाले.

देवचंद वर आले. बूच छातीशी धरलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि हवा आत ओढली, एकदाच, जरुरीपुरती.

"समोर काय दिसते जी?" यशोदाबाईंनी हाक दिली.

देवचंदांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं. नीट पाहिलं. आणि सारा तलाव घुमेल असे हसले.

"टेकचंद पाण्यात उतरून राहिला!"

टेकचंद गुरुजी कमरेइतक्या पाण्यात उभे होते. अंगावर बूट, पँट, घड्याळ सगळं होतं. दोन्ही हात भावाकडे पसरलेले होते. ढाल निघून तलावावर तरंगत दूर चालली होती, आणि तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.